एक जूनच्या मुली

मार्च लागला की आमच्या बेंगळुरूची झाडं एकाएकी गुलाबी होतात. पान नाही, काही नाही, नुसती फुलं. लग्नाच्या आदल्या दिवशी सगळे दागिने अंगावर चढवून आरशात बघणाऱ्या नवरीसारखी दिसतात. मग व्हाइटफील्डच्या कंपन्यांतली आपली पुण्या-नागपूरची पोरंपोरी शनिवारी गाड्या काढून येतात, झाडाखाली मान तिरकी करतात आणि फोटो काढतात. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दिवसाला चाळीस झाडं येऊन पडतात. "काकू, किती ब्यूटिफुल ना!" मी अंगठा दाखवते. मनात मात्र भांडण सुरू झालेलं असतं.

लोकांना या दिवसांत प्रेम सुचतं, कविता सुचते, निदान सर्दी तरी होते. मला राग येतो. पहिलं गुलाबी झाड दिसलं की माझ्या कानशिलात ठोके पडायला लागतात. आमचे हे पेपर खाली करून म्हणतात, "सुरू झालं वाटतं." आणि पेपर परत वर.

राग चार वर्षांपूर्वीचा आहे, पण अजून ताजा आहे. त्या वर्षी मार्चमध्ये एक फोन आला आणि मग जूनपर्यंत मी एकाच वाक्यावर भांडत राहिले: 'अठरा पूर्ण झाली, आता ती मोकळी.' मोकळी! हा शब्द कुणी काढला त्याला मला एकदा भेटायचं आहे. स्टेजवर भेटला तर उत्तम.

पण आधी कस्तुरी. तिच्याशिवाय हा राग कुणालाच कळायचा नाही.

आम्ही राजाजीनगरचे जुने लोक. घरात मराठी, दारात कन्नड. शाळेत शिकवून मी पोट भरलं आणि मंडळात नाटकं बसवून जीव रमवला. सोळा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, येलहंक्याच्या मुलींच्या बालगृहातून सरोजम्मांचा फोन आला. त्या तिथल्या अधीक्षक. "एक मूल आलंय, बस स्टँडवर सापडलं. कन्नडमध्ये विचारलं तर निम्मंच कळतं. मराठी असावं. स्वल्प येऊन बोलता का?"

गेले. ऑफिसातल्या टेबलाखाली एक मुलगी बसली होती. चपला पायांऐवजी दोन्ही हातांत घातलेल्या. मी वाकले आणि माझा ठेवणीतला गोड आवाज काढला, "काय गं बाळ, नाव काय तुझं?"

टेबलाखालून उत्तर आलं, "आदी तुझं सांग."

मी तिथेच तिची झाले. नाव कस्तुरी. बोलणं बेळगावकडच्या बायकांसारखं, 'मी आलो, मी गेलो.' आई कुठे, बाप कुठे, यावर हातातल्या चपला एकमेकींवर आपटायची. ते दोघं कधी सापडले नाहीत.

आता नोंदवही. जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही आणि खरी तारीख कुणाला ठाऊक नसते. अशा वेळी बालगृहातली रीत ठरलेली आहे: एक जून लिहायचं. त्या सुमारास शाळा उघडतात, हिशेब सोपा पडतो. त्या घरातल्या निम्म्या मुली एक जूनला जन्मल्या होत्या. वर्ष कुठलं, एवढाच प्रश्न. डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, पाच असेल किंवा सहा. पाच लिहिलं तर पहिलीत घ्यायला शाळा खळखळ करणार, नाहीच घेतलं तर वर्षभर आवारात कोंबड्यांमागे पळत बसणार. मी त्या वेळी अडतीस वर्षांची, अंगात नाटक नुसतं उसळत होतं. छातीवर हात ठेवून मी म्हणाले, "पाच? ही? अहो, हिची जीभ बघा! सहा पूर्ण, सातवं चालू!" सरोजम्मा हसल्या आणि सहा लिहिलं. समोरचा एकही दुधाचा दात पडलेला नव्हता. मी पाहिलं होतं. पाहूनच बोलले होते. त्या दिवशी विजयाच्या आनंदात मी घरी मैसूरपाक घेऊन गेले.

एका वर्षाची ती भेट मी तिला दिली. पुढे काय झालं ते ऐका.

दर एक जूनला जेवणघरात दाराएवढा केक यायचा. सगळ्या एक जूनच्या मुली त्याभोवती उभ्या. सुरी मात्र ज्यांना अठरा पूर्ण झाली त्यांच्या हातात. लहान मुलींना सुरीचा केवढा हेवा! त्यांना हे कुठे ठाऊक, की सुरी धरणाऱ्या मुली दुपारच्या जेवणाला तिथे नसतात. सकाळी केक, अकराला फाटक. वर्षानुवर्षं मी त्या केकवर टाळ्या वाजवल्या आहेत. नुसत्या नाही वाजवल्या, 'हॅपी बर्थडे'चा वरचा सूर मीच लावायचे. आज तो सूर आठवला तरी माझी मलाच चपराक मारावीशी वाटते.

नववीत कस्तुरीला कावीळ झाली आणि तिचं वर्ष गेलं. साध्या घरात वर्ष गेलं तर आई चार दिवस रडते आणि पुढच्या जूनला मूल पुन्हा दप्तर घेतं. इथे तसं नव्हतं. चार वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये ती पहिली पीयूची, म्हणजे आपल्या अकरावीची परीक्षा देत होती. एक जूनला कागदावर अठरा. बारावी उरलेली. मी सोळा वर्षांपूर्वी खोटं न बोलता शाळेशीच भांडले असते तर कागदावर सतराच असती, बारावी त्याच छपराखाली झाली असती. माझ्या एका वाक्याने ते वर्ष आधीच खाऊन टाकलं होतं.

आणि तेव्हाच विश्वस्तांचा फोन आला. "मॅडम, या वर्षी पाच मुली बाहेर पडताहेत. मेच्या शेवटच्या रविवारी निरोप समारंभ करू. तुम्ही एक छान नाटुकलं बसवा. विषय आम्ही ठरवलाय: पंख."

मी हो म्हणाले. खरं सांगते, आनंदाने हो म्हणाले. नाटक म्हटलं की माझी अक्कल जरा बाजूला बसते.

नाटुकलं कन्नडमधलं, तालमी जेवणघरात. एप्रिलचं ऊन, फिनेलचा आणि चिंचेच्या सारूचा वास, मुलींच्या केसांना चोपडलेलं खोबरेल, आवारातल्या फणसावर लोंबणारे बोजड फणस. जवळच हवाई दलाचा तळ, त्यामुळे दर दहा मिनिटांनी डोक्यावरून विमान जायचं आणि संवाद मधेच गोठायचा. मुलींना त्याची सवय. 'आई, मी आता—' घर्र्र्र, सगळ्या पुतळ्यासारख्या उभ्या, विमान गेलं की '—उडणार!' मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिले होते. पिल्लू कस्तुरी होती. एका दुपारी तिने पुठ्ठ्याचे पंख काढून ठेवले.

"अक्का, पिल्लू उडालं, आन् दमलं, तर घरट्यात परत येतंय की नाही?"

"येतं की. खरं पिल्लू चार-आठ दिवस येऊन-जाऊनच असतं. आई चारा भरवते बाहेरसुद्धा."

"मग नाटकात ते का नाही लिवलं तुम्ही?"

विमान नव्हतं, तरी मी गोठले. मग विचारलं, "एक जूनला कुठे जाणार आहेस तू?"

"तेच तर कुणी सांगेना. मॅडम म्हणतात, बघू. मला बारावी करायची आहे अक्का. कॉलेजची फी माफ आहे. राहायचं तेवढं कुठं?"

तेवढं! सगळं बेंगळुरू त्या एका शब्दात मावत होतं.

सरोजम्मा निवृत्त होऊन गेल्या होत्या. नवीन मॅडम भल्या होत्या, पण कायम कुठल्यातरी मीटिंगला निघालेल्या. मग मीच पदर खोचला. पहिलं वसतिगृह. जाळीमागे रेक्टर बाई.

"वडिलांची सही लागेल."

"वडील नाहीत."

"मग आईची."

"आई नाही."

"मोठा भाऊ? काका? मामा?"

"बाई, ती बालगृहातली मुलगी आहे. कुणी नाही म्हणून तर ती तिथे होती."

बाईंनी खूप सहानुभूतीने मान हलवली आणि म्हणाल्या, "अय्यो पाप, बिचारी. बरं, मग स्थानिक पालकाच्या सहीबरोबर मूळ पालकाचं पत्र आणा."

दुसऱ्या ठिकाणी एक आजी पीजी चालवायच्या. मुलींना खोल्या भाड्याने द्यायच्या, जेवणासकट. कस्तुरी त्यांना फार आवडली. बोलता बोलता कळलं की ती कुठून आली, आणि आजी कानातल्या कुड्या चाचपत म्हणाल्या, "माझ्याकडे घरंदाज मुली राहतात, अम्मा." कस्तुरी शेजारीच उभी होती. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "जाऊ दे अक्का, तिथं कोबीचा वास येत होता." मला धीर देत होती. मला!

तिसरं म्हणजे सरकारी खातं. आमच्या लहानपणी इथल्या जुन्या वस्त्यांत लोक दारावर खडूने 'नाळे बा' लिहायचे. म्हणजे 'उद्या ये'. हडळ दारावर आली, वाचलं, की परत जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचायची. मला वाटायचं ही रीत बुडाली. कुठची बुडते! ती त्या खात्यात सुखरूप आहे. फक्त तिथे खडू लागत नाही. साहेब तोंडी सांगतात आणि अदबीने 'नाळे बन्नी' म्हणतात. मी अकरा वेळा गेले. त्या गतीने हडळसुद्धा एव्हाना देवभक्त झाली असती.

कायदा वाईट आहे का? अजिबात नाही. म्हणून तर संताप. अठरानंतरही अशा मुलांना एकवीसपर्यंत राहण्याची सोय, दरमहा काही रक्कम, शिक्षण, सगळं लिहिलेलं आहे. आधीपासून प्रत्येक मुलीशी बसून तिची पुढची योजना लिहायची, हेही लिहिलेलं आहे. कुणीतरी भल्या माणसाने भल्या मनाने लिहिलेलं असणार. ते भलं खणात पडून आहे.

माझे चिरंजीव अठराचे झाले तेव्हाची गोष्ट सांगते. साहेब मणिपालला इंजिनिअरिंगला. पहिल्या आठवड्यात फोन: "आई, उशीचा अभ्रा धुवायचा असतो का?" दुसऱ्या आठवड्यात: "आई, ताप किती असला की डॉक्टरकडे जातात?" चोवीस वर्षांचा होईपर्यंत त्याला दर महिन्याला घरून पैसे गेले, लाडू गेले, एकदा तर खास माणसाबरोबर इस्त्री गेली. आज म्युनिकला असतो आणि अजूनही विचारतो, वरणात हिंग आधी की नंतर. त्याला कुणी म्हणालं नाही, अठरा पूर्ण, आता मोकळा. आमच्या घरात पोरगं तिशीला पोचेपर्यंत पोर असतं. आणि ज्या मुलीमागे विचारायला कुणी नाही, ती मात्र एका सकाळी, केक खाता खाता, मोठी!

मेच्या मध्यावर मी ठरवलं, आपलं पाप आपणच सांगायचं. मुलांबाबत निर्णय करणारी समिती असते, तिच्यापुढे नवीन मॅडम, कस्तुरी आणि मी जाऊन बसलो. अध्यक्ष बाई शांत, थकलेल्या, समोर फायलींचा ढीग. मी उभी राहिले, हात जोडले. आवाज आपोआप शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा लागला. "मॅडम, मी खोटं बोलले होते. ही पाच वर्षांची होती. मी सहा सांगितलं. हिचं वर्ष हिला परत द्या."

अध्यक्ष बाई म्हणाल्या, "त्याला हाडांची तपासणी लागेल. अहवाल यायला दोन-तीन महिने. आणि तो एक-दोन वर्षं इकडेतिकडे दाखवतोच."

"चालेल!" मी म्हणाले.

"नाही चालणार," कस्तुरी म्हणाली.

ती उठून उभी राहिली. आता कन्नडमध्ये बोलत होती, सावकाश, शब्द मोजून. "मॅडम, मला लहान करू नका. अक्काने मला मोठं केलं, आता तुम्ही लहान करणार. मला विचारलं कुणी? मी अठराची. बाहेर तुमच्या भिंतीवर कागद लावलाय, अठरापासून एकवीसपर्यंत काय काय द्यायचं त्याचा. बसल्या बसल्या मी तो दोनदा वाचला. मला वर्ष नको. ते द्या."

एवढ्या वर्षांत माझ्यासमोर असं स्वगत कुणी म्हटलेलं नाही, आणि मी टाळीसुद्धा वाजवू शकत नव्हते.

अध्यक्ष बाईंनी नवीन मॅडमकडे हात केला, "हिची योजना?" फाइल आली. पाच मुलींच्या पाच योजना, एकाच अक्षरात, एकाच दिवशी भरलेल्या. त्यात एक रकाना होता: मुलीची इच्छा. त्यापुढे कस्तुरीच्या कागदावर लिहिलं होतं, 'चांगली आहे'. मी पान उलटलं. दुसरीची इच्छा, 'चांगली आहे'. तिसरीची, चौथीची, पाचवीची. सगळ्यांच्या इच्छा चांगल्या. बसून विचारायला मात्र कुणाला फुरसत झाली नव्हती.

त्या दिवशी अध्यक्ष बाईंनी कस्तुरीसाठी हुकूम लिहिला. बाकीच्या चौघींच्या फायलीही नव्याने करा म्हणाल्या. आम्ही जिंकून बाहेर आलो, उसाचा रस प्यालो, आणि मग मी हुकूम नीट वाचला. पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात येणार. जुनं खातं अधीक्षकांबरोबरचं, ते एक जूनला बंद. नवं खातं उघडायला राहण्याचा पत्ता हवा. आधारवर पत्ता बालगृहाचा, आणि तिथे तर एक जूननंतर राहायचं नाही. म्हणजे मदत मंजूर, पण ती घेण्यासाठी आधी कुठेतरी राहायचं. आणि कुठेतरी राहण्यासाठी आधी मदत हातात हवी. विहिरीत पडलेल्याला वरून सांगावं, दोर तयार आहे, फक्त वर येऊन सही करून घेऊन जा!

समारंभ झाला. गुलमोहर लाल, मांडव लाल आणि मुलींना भेट दिलेल्या चाकांच्या बॅगाही लाल. पाच मोठ्या बॅगा. पाच जणींचं सगळं सामान एकीत मावलं असतं. पाहुणे बोलले, आकाश खुलं आहे. मग आमचं नाटक. पिल्लू उडालं, मंचाला फेरी मारली, आणि मी लिहिलेला शेवट संपल्यावर कस्तुरी तशीच परत आली. पक्षीणमाय झालेल्या रूपाजवळ बसत म्हणाली, "स्वल्प बसू का इथं? दमलो." रूपाला हे ठाऊक नव्हतं. ती गडबडली, आणि मग आपला पुठ्ठ्याचा पंख उचलून म्हणाली, "बस की. विचारतीस काय?"

टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी विश्वस्त माझ्याजवळ आले. "शेवट बदललात का मॅडम? छान होतं, पण जरा निगेटिव्ह वाटलं." हातातला चहा मी त्यांच्या कोटावर सांडला नाही, ही माझ्या आयुष्यातली एकमेव संयमी भूमिका.

एकतीस मेला मी घरी आदळआपट करत होते. यादीतल्या शेवटच्या पीजीनेही नाही कळवलं होतं. हे शांतपणे भेंडी चिरत होते. म्हणाले, "सगळ्या शहराला विचारलंस. मला नाही विचारलंस."

"तुम्हाला काय विचारायचं?"

त्यांनी सुरीने मागच्या खोलीकडे दाखवलं. चिरंजीवांची खोली. रिकामा पलंग, क्रिकेटचे कप, बंद पंखा. दोन महिने मी सगळ्या बेंगळुरूच्या अंतःकरणावर लाथा घालत फिरत होते, आणि घरात एक अख्खी खोली कपाटं सांभाळत बसली होती. रागावलेल्या माणसाला स्वतःचं घर सगळ्यांत शेवटी दिसतं. मला तर दुसऱ्याने दाखवावं लागलं.

एक जून. केक झाला. अकरा वाजता फाटकापाशी पाच लाल बॅगा. मी दोन्ही हात पसरून पुढे गेले, "कस्तुरी, चल आमच्या घरी!"

ती जागची हलली नाही. "किती दिवस?"

"अगं, किती दिवस काय? हवे तितके दिवस राहा!"

"हवे तितके म्हणजे किती? सरोजम्मा पण तसंच म्हणायची. ती रिटायर झाली." बॅगेचा दांडा तिने घट्ट धरला होता. "तोंडाचं नको, अक्का. लिहून द्या."

मला झोंबलं. भयंकर झोंबलं. मी, जिने हिच्यासाठी अकरा वेळा ते खातं झिजवलं, तिला लिहून द्या? मागून ह्यांचा आवाज आला, "बरोबर बोलतेय ती. भाडेकरार करू. पत्त्याचा पुरावाही होतो."

नोटरीकडे तिने चारही पानं वाचली. आम्ही घर घेतलं तेव्हा आम्हीसुद्धा एवढी वाचली नव्हती. एका कलमावर बोट ठेवलं: 'मालक एक महिन्याच्या सूचनेवर जागा रिकामी करून घेऊ शकेल.' "हे काढा अण्णा. परीक्षेच्या आधी नाही काढायचं मला." ह्यांनी ते कलम खोडलं, बाजूला सही केली. आपल्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. एक जून ते तीस एप्रिल. तिने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "सरी, चालेल. तोवर पेपर होतात." तिच्या आयुष्यातला हा पहिला कागद होता, ज्यावर तिने कधी निघायचं ते तिला विचारून लिहिलेलं होतं.

बाकीच्या चौघी. दोघी व्हाइटफील्डच्या मोठ्या इमारतींत चोवीस तासांच्या कामाला गेल्या. एकीचं जून संपायच्या आत लग्न लावून दिलं. रूपा, ती पक्षीणमाय, होसूरच्या कारखान्यात गेली असं कळलं. तिचा फोन त्याच ऑगस्टपासून बंद आहे. त्यांच्या नव्या फायली झाल्या की नाही हे विचारायला मी गेले तेव्हा मला सांगण्यात आलं, "मुलीच सापडत नाहीत, मॅडम." जणू त्या स्वतः हरवल्या! म्हणून मला कुणी म्हटलं, 'काकू, केवढं मोठं काम केलंत,' की डोकं फिरतं. काय केलं? पाचांतल्या एकीला मराठी येत होतं आणि एका मराठी घरात एक खोली रिकामी होती. हा न्याय नाही. ही सोडत आहे. सोडतीत नंबर लागलेल्या मुलीबरोबर फोटो काढून उरलेल्या चौघींचं काय करायचं असतं, ते कुणी सांगेल का?

कस्तुरी आमच्याकडे राहिली. मंजूर झालेले पैसे नोव्हेंबरात आले, म्हणजे सहामाही परीक्षा उलटून गेल्यावर. ती पहाटे उठून पाढे म्हटल्यासारखी अकाउंटन्सी म्हणायची, ह्यांच्याशी क्रिकेटवरून वाद घालायची, माझ्या नाटकांतल्या चुका काढायची. बारावीचे पेपर झाले. पुन्हा झाडं गुलाबी होऊन गळली. निकाल यायचा होता. तीस एप्रिलला सकाळी मी कॉफी गाळत होते, तर दारात लाल बॅग.

"हे काय?"

"मी निघालो, अक्का. आज तीस."

खोली झाडलेली, चादर घडी केलेली, चिरंजीवांचे कप पुसून रांगेत. तिने एका कापडाच्या दुकानात काम बघून ठेवलं होतं, वर राहायला माळा. आम्हाला वाटत होतं, ती राहणारच आहे. तिला वाटत होतं, कागद संपला. अकरा महिने एका ताटात जेवून आमच्यापैकी कुणालाही दुसऱ्याला विचारायचं सुचलं नव्हतं! आमच्या घरात न विचारता राहता येतं. ती जिथे वाढली तिथे तारीख आली की निघायचं असतं, रडायचंसुद्धा नसतं.

मग मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण वरच्या मजल्यावरची पद्मा अक्का काठी टेकत खाली आली. समिती, खातं, रेक्टर, कोबीवाली आजी, विश्वस्त, सरोजम्मा, मी स्वतः, सगळ्यांचा उद्धार केला. दमून थांबले तेव्हा कस्तुरी म्हणाली, "झालं? मग नवीन कागद करायचा का?" हे चपला घालून केव्हाच दाराबाहेर पडले होते.

त्यानंतर दर वर्षी आम्ही नवा कागद करतो. कस्तुरी आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारी एका ऑडिटरकडे काम, आणि शनिवारी येलहंका. तिथे सोळा पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलीशेजारी बसून ती त्या एका रकान्यापुढे तिची इच्छा लिहिते, मुलीच्याच शब्दांत, जागा पुरली नाही तर मागच्या पानावर. नाटक नाही बसवत. मी सुचवलं तर म्हणते, "आधी फॉर्म, अक्का."

परवा बाहेर झाड ऐन गुलाबी झालेलं, तिने या वर्षीचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. आता ती स्वतःच टाइप करते. मी चष्मा लावला. नवं कलम होतं: 'भाडेकरूस सदर खोलीत आणखी एका व्यक्तीस ठेवण्याचा हक्क राहील.'

"आणखी एक कोण?"

"मंजुळा. एक जूनला अठरा. तिच्या फायलीत सगळं भरलंय, पण पत्ता नाही."

"किती दिवस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

कस्तुरीने माझ्याकडे असं पाहिलं, की मला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं. मग पानावर बोट ठेवून म्हणाली, "अकरा महिने. लिहिलंय की. पुढचं तिला विचारून ठरवू."

"आणि मला नाही विचारायचं?"

"तुम्हालाच तर विचारतोय. सही करायची तर करा, नाहीतर कलमावर काट मारा. 'बघू' म्हणायचं नाही."

ह्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. बाहेर कुणीतरी फोटो काढत ओरडत होतं, ब्यूटिफुल, ब्यूटिफुल. मी सही केली. रागातच केली, त्यामुळे जरा मोठी आली आणि रकान्याबाहेर गेली.